मेंदूच्या संकेतांवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळता येईल का? मज्जारज्जूला इजा झालेल्या मामेभावासाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा मामेभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी विहिरीत सूर मारताना पाणी कमी असल्यामुळे त्याचे डोके तळाच्या खडकावर आपटले आणि मानेतील मज्जारज्जूला इजा झाली. कागदपत्रांत ‘सी-५’ पातळी, म्हणजे मानेतील मज्जारज्जूचा पाचवा स्तर, अशी नोंद आहे. अपघातापूर्वी गाड्यांच्या शर्यतीचे खेळ हा त्याचा जीव की प्राण होता आणि आजही तो त्याच खेळांची चित्रणे पाहत असतो.

वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी मी त्याच्याकरिता मेंदूच्या संकेतांवर चालणारा खेळ करण्याचे ठरवले आहे. सुरुवात म्हणून एक हेडसेट उसना मिळवला. त्यात कपाळावर टेकणारा एकच संवेदक आणि कानाच्या पाळीला लावायचा चिमटा आहे. सोबतचे सॉफ्टवेअर ‘लक्ष’ या नावाने ० ते १०० मधला एक आकडा देते आणि तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पडद्यावरची गाडी धावू लागते. भावाने गाडी चालवली तेव्हा घरातल्या सगळ्यांना अतिशय आनंद झाला. मात्र नीट निरखल्यावर माझ्या लक्षात आले की गाडीला वेग येतो तेव्हा तो दात आवळून धरतो. जबडा सैल सोडायला सांगितल्यावर आकडा घसरला आणि गाडी जवळजवळ थांबली.

हा हेडसेट खरोखर मेंदूचे संकेत वाचतो की नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे? डावीकडे, उजवीकडे आणि वेग अशा तीन आज्ञा मेंदूच्या संकेतांतून भरवशाने मिळू शकतात का? अमेरिकेत मेंदूत चिप बसवलेली माणसे संगणकावर खेळ खेळतात अशा बातम्या भाऊ मला रोज दाखवतो. त्या मार्गाची आशा त्याला द्यावी की देऊ नये? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

संकेतप्रवाह

मी बरीच वर्षे जैविक संकेतांच्या प्रक्रियेवर काम करतो. तुम्ही जे निरीक्षण केले आहे ते अचूक आहे आणि बहुतेक लोक नेमके तेच करत नाहीत, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रथम नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजपर्यंत एक अडचण बदललेली नाही. डोक्याच्या त्वचेवर पोहोचणारा मेंदूचा संकेत साधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतकाच असतो, आणि कपाळाचे, कानशिलाचे व जबड्याचे स्नायू त्याच्या कितीतरी पट मोठा संकेत निर्माण करतात. स्नायूंच्या संकेतांचा पसारा साधारण २० हर्ट्झपासून (सेकंदाला २० आवर्तने) पुढे शेकडो हर्ट्झपर्यंत असल्यामुळे ‘एकाग्रतेशी’ जोडल्या जाणाऱ्या १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा पट्ट्यावर तो सरळ जाऊन बसतो. कपाळावरचा संवेदक तर स्नायू आणि डोळे यांच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे दात आवळल्यावर आकडा वाढणे हे त्या ठिकाणच्या मोजणीत अपेक्षितच आहे. तुमचा भाऊ फसवत नव्हता. गाडी कशाने पळते हे त्याच्या शरीराने आपोआप शोधून काढले आणि तेच तो करत राहिला. कोणताही माणूस असेच शिकतो, म्हणून या क्षेत्रातल्या प्रयोगांत ही शक्यता सुरुवातीलाच बंद करावी लागते.

तपासणीचा एक जुना आणि प्रामाणिक मार्ग आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीशी संबंधित भागावर इलेक्ट्रोड ठेवावा, माणसाला निवांत बसवावे आणि डोळे मिटायला सांगावे. बहुतेकांच्या आलेखात क्षणभरातच १० हर्ट्झच्या आसपासची अल्फा लय ठळक होते आणि डोळे उघडताच ती दबते. बर्गर यांनीच हे नोंदवले होते. जे उपकरण कच्चा, म्हणजे कोणतीही प्रक्रिया न केलेला संकेत दाखवत नाही, किंवा दाखवूनही त्यात हा फरक दिसत नाही, त्यावर पुढचे काही उभारू नये. कपाळाच्या हेडसेटवर दुसरी चाचणी करता येईल: जबडा सैल, नजर स्थिर, मग मुद्दाम दात आवळणे, मग मुद्दाम पापण्या मिटणे, अशा तिन्ही स्थितींतला कच्चा आलेख एकाखाली एक लावून पाहा. ‘लक्ष’ या आकड्यामागचे सूत्र उत्पादक बहुधा उघड करत नाहीत, म्हणून केवळ त्या आकड्यावर अभियांत्रिकीचा प्रकल्प आधारू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आज्ञांविषयी. डोक्याच्या त्वचेवरून संगणकाला आज्ञा देण्याचे तीन मार्ग चांगले अभ्यासले गेले आहेत. पहिला डोळ्यांवाटे जातो. पडद्यावर वेगवेगळ्या गतीने लुकलुकणारे चौकोन ठेवतात. ज्या चौकोनाकडे नजर लावली असेल त्याची वारंवारता, समजा १२ हर्ट्झ, आणि तिच्या पटी डोक्याच्या मागच्या भागातील संकेतांत उमटतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जाक विदाल यांनी १९७३ मध्ये मेंदू आणि संगणक यांच्यात थेट संवाद साधण्याची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये प्रकाशाला मेंदूने दिलेल्या प्रतिसादाच्याच आधारे पडद्यावरची खूण चक्रव्यूहातून फिरवून दाखवली. म्हणजे या विषयाचा एक आरंभीचा प्रयोग खेळासारखाच होता. दुसऱ्या मार्गात अपेक्षित पण क्वचित येणारी गोष्ट दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उठणारी लाट वापरतात. फारवेल आणि डॉन्चिन यांनी १९८८ मध्ये ६ गुणिले ६ घरांच्या अक्षरतक्त्यातून असे अक्षर निवडून दाखवले. खात्रीसाठी तोच झळका अनेकदा दाखवावा लागत असल्याने बुद्धिबळासारख्या संथ खेळाला तो शोभतो, शर्यतीला नाही.

तिसरा मार्ग हालचालीच्या कल्पनेचा आहे आणि तुमच्या भावाच्या मनातला मार्ग बहुधा हाच असावा. प्रेरक बाह्यकावरच्या, म्हणजे हालचालींच्या आज्ञा देणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशी विश्रांतीत असताना ८ ते १२ हर्ट्झच्या म्यू लयीत एकत्र चालतात. उजवा हात हलवण्याचा विचार केला की डोक्याच्या डाव्या बाजूची ही लय क्षीण होते. डाव्या हाताचा विचार केला की उजव्या बाजूची. यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. ढोल-ताशा पथक एका ठेक्यात वाजत असते तेव्हा ते चार गल्ल्या पलीकडे ऐकू येते, पण प्रत्येक वादक आपापला तुकडा वाजवू लागला की वादन थांबलेले नसूनही दूरवर ठेका पोहोचत नाही. त्याचप्रमाणे चेतापेशी कामाला लागल्यावर त्वचेवरचा संकेत वाढत नाही, तर घटतो, आणि आपण ती घट मोजतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील गर्ट फुर्टशेलर आणि अमेरिकेतील ऑल्बनी येथील जोनाथन वोल्पॉ यांच्या गटांनी या मार्गाचा पाया घातला. वोल्पॉ यांच्या गटाने १९९१ मध्ये एका दिशेत आणि २००४ मध्ये दोन दिशांत पडद्यावरचा कर्सर हलवून दाखवला. मात्र त्यामागे वापरणाऱ्यांचे दीर्घ प्रशिक्षण होते.

खेळनिर्माता

संकेतप्रवाह यांच्या विवेचनाला मी खेळाच्या रचनेची बाजू जोडतो, कारण अशा प्रकल्पांत सगळी शक्ती संकेतांवर खर्च होते आणि खेळ मात्र बाजारातला तयार उचलला जातो.

आधी एक साधा हिशेब पाहा. दोन आज्ञांमधून एक निवडायची आहे आणि यंत्र ८० टक्के वेळा बरोबर ओळखते असे धरू. माहितीशास्त्राच्या सूत्रानुसार अशा प्रत्येक निवडीतून सुमारे ०.२८ बिट माहिती मिळते. अचूकता ९० टक्के झाली तर ०.५३ बिट, आणि ७० टक्क्यांवर उतरली तर जेमतेम ०.१२ बिट. दर ३ सेकंदांना एक निवड धरली तर ८० टक्के अचूकतेला मिनिटाला साडेपाच बिटांच्या आसपास माहिती हाती येते. शर्यतीच्या खेळात वळणावर एका सेकंदात अनेक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. त्या खेळाला या संकेतांवर चालवायला गेलो तर खेळणारा कितीही हुशार असला तरी गाडी कठड्यावरच आदळणार, आणि दोष आपल्या मेंदूचा आहे असे त्याला वाटणार. माझ्या मते हा अन्याय आहे आणि तो टाळणे सर्वस्वी रचनाकाराच्या हातात आहे.

याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये पाहायला मिळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये झुरिकजवळ क्लोटेन येथे ‘सायबॅथलॉन’ ही अपंग व्यक्ती आणि त्यांच्या साहाय्यक तंत्रज्ञानाची स्पर्धा झाली. त्यात हातापायांची हालचाल गमावलेल्या स्पर्धकांसाठी ‘ब्रेनरनर्स’ नावाची संगणकीय शर्यत होती. तिची रचना मुद्दाम समजून घ्या. पडद्यावरचे पात्र स्वतःहून धावतच राहते. मार्गावर वेगवेगळे पट्टे येतात. ज्या पट्ट्यावर जी आज्ञा अपेक्षित आहे ती वेळेत दिली तर पात्राचा वेग वाढतो, चुकीची दिली तर कमी होतो, आणि काही पट्ट्यांवर कोणतीच आज्ञा न देणे हेच बरोबर असते. म्हणजे चूक झाली तरी खेळ संपत नाही, शर्यत चालू राहते आणि तरीही कौशल्याला पूर्ण वाव मिळतो. काही न करण्यालाही गुण आहेत ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे, कारण माणूस नुसता बसलेला असताना यंत्राने त्यालाच आज्ञा समजू नये, हीच या तंत्रातली मोठी डोकेदुखी असते.

त्या शर्यतीत लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या गटाचा स्पर्धक पहिला आला. त्या गटाने आपली पद्धत २०१८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली आणि तिचा गाभा असा की यंत्राचे शिकणे, माणसाचे शिकणे आणि खेळाची रचना या तिन्ही गोष्टींना सारखे महत्त्व द्यावे. आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत पाने भरून वर्गीकरणाची सूत्रे असतात आणि माणसाच्या सरावाबद्दल एक ओळही नसते. तुम्ही तसे करू नका. भावाची सत्रे छोटी ठेवा, प्रत्येक सत्रात त्याला तत्काळ प्रतिसाद दिसू द्या आणि कोणत्या विचाराला लय हलली हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

मेंदूचा संकेत हा खेळातला मुख्य सुकाणू असलाच पाहिजे असेही नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात नेहमीचे नियंत्रण तसेच ठेवून फक्त एक गोष्ट अल्फा लयीवर सोपवली होती: खेळणारा निवांत असला की त्याचे पात्र एल्फच्या (परीकथेतल्या माणसासारख्या जीवाच्या) रूपात राहते आणि ताण वाढला की अस्वल होते. स्वीडनमध्ये त्याआधी ‘ब्रेनबॉल’ नावाचा टेबलावरचा खेळ तयार झाला होता, ज्यात दोघांपैकी जो अधिक शांत राहील तो चेंडू समोरच्याकडे ढकलू शकतो. संथ आणि धूसर संकेताला संथ आणि धूसर काम द्यावे हे तत्त्व या दोन्हींत आहे, आणि ते मला फार आवडते.

पुनर्वसन_कार्यकर्ती

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि मज्जारज्जूच्या रुग्णांसोबत काम करते. दोघांचेही लेखन वाचून आनंद झाला. तरीही कृष्णाकाठ, तुम्हाला आधी एक मूलभूत प्रश्न विचारावासा वाटतो. सी-५ पातळीच्या इजेत बहुतेकांची मान, चेहरा आणि खांद्यांची बरीचशी हालचाल शाबूत असते, आणि कोपर वाकवताही येते. मनगट आणि बोटे मात्र साथ देत नाहीत. तुमच्या भावाचे तसेच असेल, तर त्याच्याकडे डोक्याच्या त्वचेवरून मिळणाऱ्या मेंदूच्या संकेतांपेक्षा कितीतरी वेगवान आणि भरवशाचे मार्ग आजच उपलब्ध आहेत. हनुवटीने चालवायची जॉयस्टिक, तोंडाने ओढून-फुंकून चालणारे बटण, कॅमेऱ्याने डोक्याची हालचाल टिपणारे सॉफ्टवेअर, खांद्याजवळ लावलेले मोठे बटण, हे सगळे मार्ग वापरात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला ३.५ मिलिमीटरच्या साध्या जॅकवर अशी अनेक बटणे जोडता येतात. ज्यांची कोणतीही ऐच्छिक हालचाल उरलेली नाही, उदाहरणार्थ मोटर न्यूरॉनच्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील व्यक्ती, त्यांच्यासाठी मेंदूचे संकेत हा संवादाचा अखेरचा दुवा ठरू शकतो आणि तेथे त्याचे मोल अपार आहे. तुमच्या भावाला मात्र शर्यतीचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, तर आधी हनुवटी आणि खांदा यांचा विचार करा. तंत्रज्ञानाचे आकर्षण हे त्याच्या गरजेच्या पुढे जाऊ नये इतकीच माझी कळकळ आहे.

सुरक्षेच्या काही गोष्टी प्रकल्पाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. खेळात रमल्यावर वेळेचे भान राहत नाही आणि बसल्या जागी त्वचेवर पडणारा दाब त्याला जाणवत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी त्याचा भार बदलायलाच हवा. खेळातच तेवढ्या वेळाने सक्तीचा विराम ठेवा. दुसरे असे की छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांना मूत्राशय तुंबणे, बद्धकोष्ठता किंवा शरीरावरचा दाब अशा कारणांनी रक्तदाब अचानक धोकादायक पातळीला जाऊ शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागात घाम येणे ही त्याची लक्षणे आहेत. हेडसेट घट्ट बसल्यामुळे डोके दुखत असेल असे समजून कोणी थांबू नये. त्याला ताबडतोब ताठ बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, लघवीची नळी (कॅथेटर) तपासावी आणि लक्षणे न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

लुकलुकणाऱ्या चौकोनांबाबतही सावध राहा. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमधल्या वेगाने लुकलुकणाऱ्या लाल-निळ्या दृश्यामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. विहिरीतल्या अपघातात डोक्यालाही मार बसला असल्यास, किंवा आकडीचा पूर्वेतिहास असल्यास, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मार्ग वापरू नका. आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे तो घेत असेल, तर त्यांमुळे गुंगी येऊ शकते. गुंगीत संकेतही बदलतात आणि सरावही होत नाही. सत्राची वेळ त्यानुसार ठरवा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुनर्वसन_कार्यकर्ती ताई, तुम्ही म्हणता तशीच त्याची स्थिती आहे: मान, खांदे आणि कोपराचे वाकणे चांगले आहे. डोक्याच्या हालचालीवर चालणारा माउस तो मोबाइल आणि संगणकासाठी आधीपासून वापरतो. मात्र बराच वेळ वापरल्यावर मान दुखू लागते. तुमचा प्रश्न मी त्याला वाचून दाखवला. त्याचे म्हणणे असे की हनुवटीने तो खेळेलच, पण हात हलवण्याचा विचार केल्यावर पडद्यावर काहीतरी हलते हे त्याला एकदा खऱ्या अर्थाने अनुभवायचे आहे, दात आवळून नव्हे. हात हलवण्याचा प्रयत्न तो आजही रोज करतो आणि त्या प्रयत्नाचा मेंदूत काही माग उरतो का, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

संकेतप्रवाह

त्याच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते शस्त्रक्रियेच्या मार्गाने झालेल्या प्रयोगांतून सर्वांत स्पष्टपणे मिळाले. २००४ मध्ये अमेरिकेतील ‘ब्रेनगेट’ चाचणीत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या प्रेरक बाह्यकात ९६ इलेक्ट्रोडांची बारीक चकती बसवण्यात आली. त्याच्या मज्जारज्जूला इजा होऊन तोपर्यंत तीन वर्षे झाली होती, तरीही हात हलवण्याचा तो प्रयत्न करी तेव्हा त्या भागातील चेतापेशी सुसंगतपणे पेटत असत. त्या संकेतांवर त्याने कर्सर हलवला, ई-मेल उघडले आणि ‘पाँग’ हा खेळ खेळला. २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला. म्हणजे मज्जारज्जूचा रस्ता तुटला तरी आज्ञा निघण्याचे ठिकाण काम करत राहते. तुमच्या भावाचा रोजचा प्रयत्न त्या ठिकाणी खरोखर उमटत असणार, असे त्याला नि:शंकपणे सांगा.

शस्त्रक्रियेचे दुसरे रूप मेंदूच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडांची जाळी ठेवण्याचे आहे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ मध्ये अपस्माराच्या तपासणीसाठी अशी जाळी बसवलेल्या १४ वर्षांच्या मुलाने तिच्या संकेतांवर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळून दाखवला. कवटी मध्ये नसल्यामुळे तेथे संकेत मोठा आणि स्वच्छ मिळतो. तुमचा भाऊ ज्या बातम्या दाखवतो त्या बहुधा न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीच्या असाव्यात. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या चाचणीत नोलंड आर्बॉ यांच्या मेंदूत ६४ धाग्यांवरील १,०२४ इलेक्ट्रोडांचे उपकरण बसवले गेले. त्यांनाही पाण्यातील अपघातात मानेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याजवळ इजा झाली होती आणि त्याआधी ते तोंडात धरलेल्या काडीने टॅब्लेट चालवत. उपकरण बसवल्यावर ते बुद्धिबळ आणि ‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकीय खेळ तासन्‌तास खेळू लागले. मात्र काही आठवड्यांत बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, संकेत घटले आणि संगणकीय पद्धतीत बदल करून नियंत्रण पुन्हा मिळवावे लागले, हेही कंपनीने जाहीर केले. ही चाचणी आहे, दुकानात मिळणारी वस्तू नाही, आणि तिच्यात मेंदूवरची शस्त्रक्रिया आहे. भावाने या विषयाची आवड जरूर जोपासावी, पण आजच्या दिवसाची आखणी त्या आशेवर करू नये.

आता प्रत्यक्ष प्रकल्प. कपाळाचा हेडसेट बाजूला ठेवा. किमान ८ वाहिन्यांचे, कच्चा संकेत देणारे उपकरण मिळवा; ‘ओपन-बीसीआय’चे ८ वाहिन्यांचे, सेकंदाला २५० नमुने घेणारे मंडल (सर्किट बोर्ड) विद्यार्थी-प्रकल्पांत वापरले जाते, आणि ते परवडत नसेल तर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये किंवा संशोधन संस्थांमध्ये उसने मिळते का ते विचारा. बहुतेक इलेक्ट्रोड डोक्याच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, सी-३ आणि सी-४ या स्थानांभोवती लावा (ही डोक्यावरच्या जागांची नावे आहेत, इजेच्या ‘सी-५’ पातळीशी त्यांचा संबंध नाही). एक वाहिनी मुद्दाम जबड्याच्या स्नायूवर ठेवा, म्हणजे दात आवळल्याचा क्षण वेगळा नोंदवला जाईल आणि तो तुकडा टाकून देता येईल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिचा गुंजारव प्रत्येक वाहिनीत शिरतो. तो गाळणीने काढा, आणि नोंद घेताना लॅपटॉप चार्जरला न जोडता बॅटरीवरच चालवा. हे संकेताच्या स्वच्छतेसाठी आणि माणसाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

भावाला बसवण्यापूर्वी आपली संपूर्ण साखळी खुल्या नोंदींवर तपासा. ‘फिजिओनेट’ या संकेतस्थळावर १०९ स्वयंसेवकांच्या ६४ वाहिन्यांच्या, सेकंदाला १६० नमुन्यांच्या नोंदी विनामूल्य मिळतात आणि त्यांत मूठ उघड-मीट करण्याची प्रत्यक्ष कृती आणि तिची कल्पना दोन्ही आहेत. ८ ते ३० हर्ट्झचा पट्टा घ्या, दोन वर्गांतला फरक वाढवणारी अवकाशीय गाळणी लावा आणि पुढे साधे रेषीय वर्गीकरण ठेवा. कमी नोंदींवर भलीमोठी चेताजाल-प्रणाली (न्यूरल नेटवर्क) शिकवण्याचा मोह आवरा. फ्रान्समध्ये विकसित झालेले ‘ओपन-वाइब’ आणि ऑल्बनीतील ‘बीसीआय-२०००’ ही सॉफ्टवेअरे शिक्षण-संशोधनासाठी विनाशुल्क उपलब्ध आहेत. अचूकता मोजताना ज्या दिवसाच्या नोंदींवर यंत्र शिकले त्याच दिवसाच्या तुकड्यांवर परीक्षा घेऊ नका. दुसऱ्या दिवशी हेडसेट नव्याने बसवून येणारा आकडा हाच खरा आकडा.

भावाला सूचना देताना ‘हाताची कल्पना कर’ असे न म्हणता ‘हात हलवण्याचा प्रयत्न कर’ असे सांगा. त्याच्यासारख्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयत्नातून येणारा लयबदल कल्पनेपेक्षा अनेकदा ठळक असतो, आणि तो तर हा प्रयत्न रोज करतोच. फक्त प्रयत्न करताना खांदा किंवा मान ताठ होत नाही ना, हे पाहणारे कोणीतरी शेजारी असू द्या. आणखी एक गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा: संशोधनाच्या अंदाजानुसार साधारण १५ ते ३० टक्के लोकांना या पद्धतीने समाधानकारक नियंत्रण जमत नाही, त्यांचा मेंदू पूर्णपणे निरोगी असला तरी. हातांचा फरक ओळखता येत नसेल तर दोन्ही हातांचा प्रयत्न आणि विश्रांती एवढीच जोडी घ्या. आज्ञा एकच उरेल, पण बहुधा ती अधिक खात्रीची असेल.

खेळनिर्माता

त्या एका आज्ञेभोवतीच खेळ रचता येईल. गाडी रस्त्यावर स्वतःहून धावत राहू द्या आणि डावे-उजवे वळण खांद्याजवळच्या दोन बटणांवर ठेवा, म्हणजे मानेलाही विश्रांती मिळेल. सरळ रस्त्यांवर पाच-सहा सेकंदांचे लांब हिरवे पट्टे आखा. त्या पट्ट्यावर हात हलवण्याचा प्रयत्न ओळखला गेला की गाडीचा वेग वाढेल. अधूनमधून करड्या पट्ट्यांवर काहीही न केल्याबद्दल इंधन मिळेल. दोन सेकंदांच्या संकेतावरून घेतलेला निर्णय वेगाच्या काट्यावर हळूहळू चढताना दिसू द्या. एकदम हो किंवा नाही असे दाखवले तर चुकीचा प्रत्येक निर्णय डोळ्यांत खुपतो. जबड्याच्या वाहिनीवर हालचाल दिसली तर काटा जागीच थिजेल, कमी होणार नाही. त्यामुळे शिक्षेची भावना न येता दात आवळण्याचा फायदा संपेल.

पुनर्वसन_कार्यकर्ती

ही रचना मला पटली. दर पंधरा-वीस मिनिटांनी येणाऱ्या विरामाला ‘पिट स्टॉप’ (शर्यतीत गाडी देखभालीसाठी थांबते तो थांबा) असे रूप द्या, म्हणजे भार बदलणे हा शर्यतीचाच भाग होईल. नोंदींच्या बाबतीतही जागरूक राहा. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या क्रियेतून मिळणाऱ्या माहितीला थेट राज्यघटनेत संरक्षण दिले आणि अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०२४ मध्ये तिचा संवेदनशील वैयक्तिक माहितीत समावेश केला. तुमच्या उपकरणाचे सॉफ्टवेअर संकेत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत असेल तर ते बंद करा आणि फायली तुमच्याच संगणकावर ठेवा. महाविद्यालयात सादरीकरण करताना त्याचे नाव, चेहरा आणि वैद्यकीय कागद दाखवायचे की नाही, हे त्याला स्वतंत्रपणे विचारा आणि त्याची संमती लेखी घ्या. त्याला सही करता येत नसेल तर त्याच्या निवडीचा साक्षीदार आणि अंगठा चालतो. तो प्रौढ आहे, त्यामुळे हा निर्णय मामा-मामींनी त्याच्या वतीने घेऊ नये.